ज्याला कळले, त्याचे उत्तरदायित्व

म्हैसूरची ओळख पाहुण्याला राजवाड्याने आणि दसऱ्याच्या मिरवणुकीने होते. परंतु या शहराने देशाला दिलेली देणगी शिक्षणाची आहे. मुलींसाठी येथे १८८१ साली महाराणींच्या नावाने शाळा निघाली. १९१३ साली संस्थानाने प्राथमिक शिक्षणाच्या सक्तीसाठी कायदा केला आणि १९१६ साली येथे विद्यापीठ उभे राहिले. स्वातंत्र्यानंतर, १९६३ मध्ये, शिक्षक घडविणारे प्रादेशिक शिक्षण महाविद्यालय याच शहरात सुरू झाले. पुण्यात १८४८ साली मुलींची शाळा काढणाऱ्या फुले दांपत्याला जो प्रश्न पडला होता, तोच म्हैसूरच्या आरंभीच्या शिक्षकांनाही पडला असला पाहिजे: आईबापांनी आपली मुलगी दिवसाचे सहा तास परक्या माणसांच्या स्वाधीन का करावी? पाटी, पुस्तके आणि इमारत यांची तजवीज पैशाने होत होती. पालकांच्या मनातील धास्ती मात्र पैशाने दूर होण्यासारखी नव्हती. ती दूर झाली विश्वासाने, आणि एकेका घराचा विश्वास मिळवावयास वर्षे लागली. भारतातील प्रत्येक शाळा आजही याच भांडवलावर चालते.

हे भांडवल शाळेतील माणसाकडूनच बुडविले जाते तेव्हा काय होते, हा या व्याख्यानाचा विषय आहे. शिक्षक, शिपाई, वसतिगृहाचा अधीक्षक, बसचा मदतनीस, क्रीडाशिक्षक किंवा संस्थेचा चालक यांच्यापैकी कोणी विद्यार्थ्यावर अत्याचार करतो, ही गोष्ट उच्चारणेदेखील अनेकांना अप्रशस्त वाटते. गुरूला देवाच्या ठायी मानणाऱ्या समाजात हा संकोच स्वाभाविक आहे. परंतु संकोचाचा लाभ कोणाला मिळतो, याचा हिशेब केला पाहिजे. तो विद्यार्थ्याला मिळत नाही. सचोटीने आयुष्यभर शिकविणाऱ्या बहुसंख्य शिक्षकांनाही तो मिळत नाही. उलट त्यांच्या नावावर उगाच सावली पडते. लाभ मिळतो तो एका गुन्हेगाराला, आणि त्याच्याविषयी कळूनही गप्प बसलेल्या आणखी चार-सहा जणांना.

या चार-सहा जणांचा विचार आजवर फार कमी झाला आहे. अत्याचार करणारा एक असतो, सोसणारे मूल एक असते. परंतु शाळा ही वर्दळीची जागा आहे. कोणाला तरी काहीतरी दिसलेले असते. मधल्या सुट्टीत एकच मूल वर्गात थांबवून घेतले जाते, हे शेजारच्या वर्गावरील बाईंच्या लक्षात आलेले असते. अमुक मुलगी संगीताच्या तासाला हल्ली बसत नाही, हे हजेरीपटावर उमटलेले असते. वसतिगृहातील स्वयंपाकिणीच्या कानावर मुलींची कुजबूज गेलेली असते. शाळेच्या उत्तरदायित्वाचा खरा प्रारंभ या ठिकाणी होतो. ज्याला कळले त्याने पुढे काय केले, या एका प्रश्नाच्या उत्तरावर शाळेची योग्यता ठरते.

याच म्हैसूर शहरात २०२२ च्या ऑगस्ट महिन्यात घडलेली एक घटना या दृष्टीने विचारात घेण्याजोगी आहे. चित्रदुर्ग येथील एका प्रख्यात मठाच्या वसतिगृहात राहून शिकणाऱ्या दोन मुली म्हैसूरला आल्या आणि त्यांनी ‘ओडनाडी’ या संस्थेकडे आपले गाऱ्हाणे मांडले. स्टॅन्ली आणि परशुराम या दोन माजी पत्रकारांनी स्थापिलेली ही संस्था शोषणात सापडलेल्या स्त्रिया व बालके यांच्या सुटकेसाठी आणि पुनर्वसनासाठी काम करते. तिच्या कन्नड नावाचा अर्थ सोबती असा होतो. संस्थेने मुलींना बाल कल्याण समितीपुढे नेले. २६ ऑगस्ट रोजी म्हैसूरच्या नजरबाद पोलीस ठाण्यात मठाधिपतींसह काही जणांविरुद्ध गुन्हा नोंदला गेला आणि तो पुढील तपासासाठी चित्रदुर्गकडे वर्ग झाला. सप्टेंबरच्या प्रारंभी मठाधिपतींना अटक झाली. खटला तीन वर्षांहून अधिक काळ चालला आणि २०२५ च्या नोव्हेंबर महिन्यात चित्रदुर्गच्या न्यायालयाने या पहिल्या खटल्यातील आरोपींची निर्दोष मुक्तता केली.

त्या निकालावर भाष्य करणे हा येथे हेतू नाही. दोष सिद्ध झाला की नाही हे सांगण्याचा अधिकार न्यायालयाचा आहे आणि तो त्याने बजावला आहे. या घटनेतून शाळांनी घ्यावयाचा बोध वेगळ्या ठिकाणी आहे. चित्रदुर्गपासून म्हैसूर दोनशे किलोमीटरांहून अधिक दूर आहे. सांगण्यासारखे काही जवळ असलेल्या दोन शाळकरी मुलींना ऐकून घेणारे माणूस शोधण्यासाठी एवढा प्रवास करावा लागला. त्यांच्या वसतिगृहात, शाळेत, गावात, जिल्ह्यात ते माणूस त्यांना आढळले नाही. आरोप शेवटी सिद्ध होवो अथवा न होवो, मुलाला बोलण्यासाठी असा परमुलूख गाठावा लागणे हा त्या सबंध व्यवस्थेचा दोष होय. तो दूर करणे न्यायालयाच्या हाती नाही. ते शाळांच्या हाती आहे.

त्याच वर्षीच्या डिसेंबरात म्हैसूरजवळच्या मंड्या जिल्ह्यातील एका वसतिगृहात याहून निराळा प्रकार घडला. मुख्याध्यापकाने एका विद्यार्थिनीशी गैरवर्तन केल्याचा आरोप करून वसतिगृहातील मुलींनी हाती काठ्या घेतल्या आणि त्याला मारहाण केली. त्या दृश्याचे चित्रीकरण देशभर पाहिले गेले आणि अनेकांनी मुलींची पाठ थोपटली. तक्रार केली तर शाळा सोडल्याच्या दाखल्यावर वर्तणुकीचा वाईट शेरा मारू, अशी धमकी त्यांना दिली जात होती, असेही त्या वेळी वृत्तपत्रांत आले होते. आरोपाचा निवाडा बाजूस ठेवला तरी या वृत्तातील दाखल्याचा उल्लेख विसरण्यासारखा नाही. गरीब घरातील मुलीला तो कागद म्हणजे पुढच्या इयत्तेचे दार होय, आणि त्या दाराची किल्ली ज्याच्याविरुद्ध तक्रार करावयाची त्याच्याच कमरेला असते. गुण, हजेरी, शिष्यवृत्ती, वसतिगृहातील जागा, सहलीला निवड, स्नेहसंमेलनातील भूमिका अशा कितीतरी किल्ल्या शाळेतील मोठ्या माणसांजवळ असतात. त्यांचा धाक दाखविला जातो तेव्हा मुलाने ‘धीट व्हावे’ असे सांगणे म्हणजे मोठ्यांनी आपले ओझे त्याच्या पाठीवर टाकणे होय. मुलींनी काठ्या उचलल्या याचे कौतुक करणाऱ्या समाजाने, त्यांना काठ्या का उचलाव्या लागल्या, याचीही लाज बाळगली पाहिजे.

कायद्याने हे ओझे मोठ्यांच्याच खांद्यावर ठेवलेले आहे. बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण करणारा, पॉक्सो या संक्षिप्त नावाने परिचित असलेला अधिनियम १४ नोव्हेंबर २०१२ रोजी अमलात आला. अठरा वर्षांखालील प्रत्येक मुलाला आणि मुलीला त्याचे संरक्षण आहे. शैक्षणिक संस्थेच्या व्यवस्थापनातील किंवा नोकरीतील व्यक्तीने तेथील बालकावर केलेला अत्याचार हा या अधिनियमाने गंभीर स्वरूपाचा अपराध मानला आहे. याचा अर्थ असा की, विश्वासाचे पद हे शिक्षा वाढविणारे कारण ठरते. पदाच्या प्रतिष्ठेची सबब तेथे चालत नाही. याच अधिनियमाचे १९ वे कलम शिक्षकांनी पाठ करून ठेवण्यासारखे आहे. असा अपराध घडला आहे हे ज्या कोणाला माहीत झाले, किंवा तो घडण्याचा संभव आहे अशी ज्याला धास्ती वाटली, त्याने स्थानिक पोलिसांना किंवा बालकांसाठी असलेल्या विशेष पोलीस पथकाला कळविलेच पाहिजे. येथे शिक्षक व शिपाई, डॉक्टर व अधीक्षिका असा भेद नाही. कळविले नाही तर २१ व्या कलमाने सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. आणि संस्थेच्या प्रमुखाने आपल्या हाताखालच्या माणसाचा अपराध दडविला तर एक वर्षापर्यंत कैद व दंड आहे. मुलाने स्वतः सांगितले नाही म्हणून त्याला मात्र कोणतीही शिक्षा नाही. बोलण्याची सक्ती मोठ्यांवर आहे. लहानांना तीतून कायद्याने मोकळे ठेवले आहे.

या कलमाची धार महाराष्ट्रातीलच एका प्रकरणाने स्पष्ट झाली. चंद्रपूर जिल्ह्यातील राजुरा येथील एका शाळेच्या वसतिगृहात राहणाऱ्या आदिवासी मुलींवर अत्याचार झाल्याचे प्रकरण २०१९ साली उघडकीस आले. तपासात सतरा मुलींचा उल्लेख आला. या मुलींना ज्या डॉक्टरकडे उपचारांसाठी नेले जात असे, त्याला हा प्रकार माहीत असूनही त्याने पोलिसांना कळविले नाही, असा त्याच्यावर आरोप होता. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने डॉक्टरविरुद्धची कारवाई रद्द केली. राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले आणि २ नोव्हेंबर २०२२ रोजी न्या. अजय रस्तोगी व न्या. सी. टी. रविकुमार यांनी तो आदेश फिरविला. कळूनही न कळविणे हा गंभीर अपराध आहे; बहुधा अशा मौनाचा हेतू अत्याचार करणाऱ्याला वाचविण्याचा असतो; वेळेवर खबर मिळाली नाही तर वैद्यकीय पुरावा नष्ट होतो आणि अधिनियमाचा हेतूच विफल होतो, असा या निर्णयाचा आशय आहे. डॉक्टर दोषी आहे असे न्यायालयाने म्हटले नाही. परंतु मौनाचीही न्यायालयात तपासणी व्हावयास हवी, हे त्याने निःसंदिग्धपणे सांगितले.

असे असूनही शाळा गप्प का बसतात? कायद्याचे अज्ञान हे एक कारण आहे, पण ते सर्वांत मोठे नव्हे. मुख्य कारण म्हणजे शाळेच्या नावाची काळजी. प्रवेश कमी होतील, अनुदानाची चौकशी लागेल, वृत्तपत्रे दारात येतील, ही भीती संस्थाचालकाला वाटते. मग एक परिचित क्रम सुरू होतो. मुलाच्या पालकांना बोलावून ‘मुलीच्या भवितव्याचा विचार करा’ असे सांगितले जाते. संबंधित माणसाकडून राजीनामा घेतला जातो, किंवा संस्थेच्या दुसऱ्या गावातील शाखेत त्याची बदली केली जाते. कित्येकदा जाताना त्याच्या हाती वर्तणूक समाधानकारक असल्याचे अनुभव प्रमाणपत्रही दिले जाते. शाळेच्या दृष्टीने प्रकरण मिटलेले असते. पण ज्या गावात तो माणूस जातो, तेथील मुलांच्या दृष्टीने ते नुकतेच सुरू झालेले असते. त्या कोऱ्या प्रमाणपत्रावर सही करणारा मुख्याध्यापक पुढच्या अपराधाचा भागीदार होतो, असे म्हणण्यात अतिशयोक्ती नाही.

दडपलेली गोष्ट अखेर कशी फुटते, याचे उदाहरण बदलापूरने २०२४ साली दिले. ऑगस्टच्या मध्यास तेथील एका शाळेतील दोन चिमुकल्या मुलींवर कंत्राटी सफाई कामगाराने अत्याचार केल्याचे त्यांच्या घरच्यांच्या लक्षात आले. शाळेने तत्परतेने पोलिसांना कळविले नाही. पोलीस ठाण्यात फिर्याद नोंदवून घेण्यासही कित्येक तास लागले. २० ऑगस्ट रोजी संतप्त जमाव शाळेत शिरला, रेल्वेच्या रुळांवरही उतरला आणि मध्य रेल्वेची वाहतूक त्या मार्गावर कित्येक तास बंद पडली. मुंबई उच्च न्यायालयाने या प्रकरणाची स्वतःहून दखल घेतली. खबर न दिल्याबद्दल शाळेच्या पदाधिकाऱ्यांविरुद्धही गुन्हा नोंदला गेला आणि काही पोलीस अधिकारी निलंबित झाले. २३ सप्टेंबर रोजी आरोपी पोलिसांच्या ताब्यात असताना त्यांच्या गोळीने ठार झाला आणि त्याच्यावरील खटला कधी चाललाच नाही. त्या मुलींच्या घरच्यांना न्यायालयाच्या तोंडून जे सत्य ऐकावयास मिळावयाचे होते, ते मिळाले नाही. लोकांचा क्षोभ समजण्यासारखा होता. पण क्षोभ म्हणजे उत्तरदायित्व नव्हे. शाळेने पहिल्या दिवशी एक दूरध्वनी केला असता तर कदाचित रेल्वे थांबविण्याची वेळ आली नसती.

बदलापूरमध्ये नियमांची उणीव होती असेही नाही. प्रत्येक शाळेत ‘सखी सावित्री समिती’ असावी, असा महाराष्ट्र शासनाचा निर्णय मार्च २०२२ चा आहे. पॉक्सोखालील २०२० च्या नियमांनी, बालकांशी नित्य संबंध येणाऱ्या संस्थांतील नियमित व कंत्राटी अशा सर्व कर्मचाऱ्यांची पोलिसांकडून ठराविक काळाने पडताळणी करणे बंधनकारक केले होते. शाळेच्या व्यवस्थापनाचे उत्तरदायित्व निश्चित करणारी मार्गदर्शक तत्त्वे केंद्र शासनाने ऑक्टोबर २०२१ मध्ये काढली होती. राज्यांनी त्यांची अंमलबजावणी करावी, असे सर्वोच्च न्यायालयाला सप्टेंबर २०२४ मध्ये पुन्हा सांगावे लागले. बदलापूरच्या उद्रेकानंतर दुसऱ्याच दिवशी राज्य शासनाने कॅमेरे, पडताळणी, तक्रारपेटी आणि समित्या यांविषयी नवा आदेश काढला. आदेशांवर आदेश चढत गेले, पण पहिल्याची अंमलबजावणी का झाली नाही हे कोणी विचारले नाही. भिंतीवर तक्रारपेटी टांगली आणि तिची किल्ली मुख्याध्यापकांच्या टेबलाच्या खणात ठेवली, तर ती पेटी तक्रारी दाबण्याचेच साधन होते. पेटी शाळेबाहेरील एखाद्या पालक प्रतिनिधीच्या समक्ष, ठरलेल्या वारी उघडली गेली पाहिजे आणि त्याची नोंद वहीत झाली पाहिजे. कॅमेऱ्याचेही असेच आहे. त्याचे चित्रण कोण पाहतो, किती दिवस जपतो, हे ठरलेले नसेल तर तो छताला टांगलेला शोभेचा डोळा होय.

येथे एका रास्त शंकेचा विचार केला पाहिजे. शिक्षकांची तक्रार अशी असते की, एखाद्या द्वेषातून, संस्थेतील राजकारणातून किंवा रागावलेल्या विद्यार्थ्याच्या सांगण्यावरून निरपराध माणसाचे आयुष्य उद्ध्वस्त होईल. ही शंका हसण्यावारी नेण्याजोगी नाही. संस्थाचालकांच्या लहरीपासून शिक्षकांना संरक्षण मिळावे म्हणूनच महाराष्ट्रात खाजगी शाळांतील कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींचा १९७७ चा कायदा आणि १९८१ ची नियमावली झाली. रीतसर चौकशीचा हक्क ही शिक्षकांच्या संघटनांनी झगडून मिळविलेली गोष्ट आहे. ती टाकून देण्याचे कारण नाही. परंतु खबर देणे आणि दोषी ठरविणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत. खबर देणाऱ्याने पुरावा गोळा करावयाचा नसतो, निवाडा तर नाहीच नाही. चित्रदुर्गच्या खटल्यात आरोपी सुटले, म्हणून मुलींचे म्हणणे पोलिसांपर्यंत नेणारी संस्था चुकली, असे होत नाही. तिने आपले काम केले, न्यायालयाने आपले केले. सद्भावनेने खबर देणाऱ्यावर दिवाणी वा फौजदारी कारवाई होऊ शकत नाही, असे पॉक्सोमध्येच म्हटले आहे. आणि द्वेषाने खोटी तक्रार करणाऱ्या प्रौढाला शिक्षाही त्यातच आहे. उलट शाळेने आपल्याच खोलीत गुप्त चौकशी करून कोणाला ‘निर्दोष’ ठरविले, तर त्या निर्दोषत्वावर गावात कोणी विश्वास ठेवीत नाही. सचोटीच्या शिक्षकाचे खरे संरक्षण बाहेरच्या, नियमाने बांधलेल्या चौकशीतच आहे.

चौकशीत मुलाची विटंबना होऊ नये, हाही प्रश्न जुना आहे. नवोदय विद्यालयाच्या एका शिक्षकाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली असे मानले की, विद्यार्थिनीशी अनैतिक वर्तनाच्या प्रकरणात नेहमीची खातेनिहाय चौकशी घेतल्यास मुलीला उलटतपासणीच्या यातना सोसाव्या लागतील, म्हणून ती वगळून, संक्षिप्त चौकशीत तथ्य आढळल्यावर, शिक्षकाची सेवा संपविण्याचा त्या संस्थेचा नियम समर्थनीय आहे. मुलगी आपल्या कन्येसमान आहे हे ज्याच्या मनात नाही, त्याने शिक्षकाच्या पदावर राहू नये, असा त्या निर्णयाचा रोख होता. पॉक्सोने पुढे हेच तत्त्व विस्ताराने मांडले. मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला सोयीच्या ठिकाणी, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, गणवेश न घालता घ्यावयाचा असतो. मुलाला रात्री पोलीस ठाण्यात ठेवता येत नाही. त्याचे नाव, शाळा, छायाचित्र प्रसिद्ध करता येत नाही.

यावरून मुख्याध्यापकाने पहिल्या तासात काय करावे आणि काय करू नये, हे सहज सांगता येते. मूल जे सांगेल ते मध्ये न तोडता ऐकावे, ‘खरेच का?’ असे विचारू नये. ‘कोणाला सांगणार नाही’ असे वचन देऊ नये, कारण ते पाळता येणार नाही. मुलाचे शब्द त्याच्याच भाषेत, तारीख व वेळ घालून लिहून ठेवावेत. त्याला पुन्हा पुन्हा, वेगवेगळ्या शिक्षकांपुढे, तेच सांगावयास लावू नये. ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याच्यासमोर तर उभे करूच नये. पालकांना बोलावून विश्वासात घ्यावे. संस्थाचालकांची बैठक होईपर्यंत थांबू नये. खबर पोलिसांना द्यावी आणि १०९८ या बालकांच्या मदतीच्या क्रमांकावर साहाय्य मागावे. शिक्षणाधिकाऱ्यांना अहवाल पाठविणे आवश्यक असले, तरी तो पोलिसांना दिलेल्या खबरेची जागा घेऊ शकत नाही. संबंधित कर्मचाऱ्याला त्याच दिवसापासून मुलांपासून दूर ठेवावे. आणि त्या मुलाचा वर्गातील बाक, परीक्षा, शिष्यवृत्ती यांना धक्का लागू देऊ नये. अनेक ठिकाणी शेवटी शाळा सोडण्याची पाळी तक्रार करणाऱ्या मुलावरच येते. शाळेची यापेक्षा मोठी नाचक्की दुसरी नाही.

येथपर्यंतच्या विवेचनात मुलींचा उल्लेख अधिक आला. त्यावरून मुलगे सुरक्षित आहेत असे समजणे चुकीचे ठरेल. केंद्रीय महिला व बाल विकास मंत्रालयाने २००७ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत महाराष्ट्र व गोवा धरून तेरा राज्यांतील १२,४४७ बालकांशी बोलणे झाले होते. त्यांपैकी निम्म्याहून अधिकांनी, म्हणजे ५३.२२ टक्क्यांनी, कोणत्या ना कोणत्या प्रकारचा लैंगिक छळ सोसल्याचे सांगितले, आणि अशांमध्ये मुलग्यांचे प्रमाण मुलींपेक्षा किंचित अधिक होते. छळ करणाऱ्यांपैकी सुमारे निम्मे मुलाच्या ओळखीचे किंवा विश्वासाच्या पदावरील होते. बहुतेक मुलांनी हे कोणालाही सांगितले नव्हते. गोव्यात मडगावला ‘गुरुकुल’ या नावाने गरीब मुलग्यांचे वसतिगृह चालविणाऱ्या फ्रेडी पीट्सला १९९१ साली अटक झाली, तेव्हा तो समाजसेवक म्हणून मान्यता पावलेला होता. १९९६ मध्ये त्याला जन्मठेप झाली. दानशूर मंडळी त्याला देणग्या देत, पण आतल्या मुलांशी कोणी एकांतात दोन शब्द बोलत नव्हते. गोव्याने पुढे २००३ साली बालकांसाठी स्वतंत्र कायदा व न्यायालय निर्माण केले. पॉक्सोच्या नऊ वर्षे आधीचा हा कायदा त्या मुलग्यांच्या यातनांतून जन्मला, असे म्हणावयास हरकत नाही.

गोव्यातील या प्रकरणाचा धडा सर्व वसतिगृहांना लागू आहे. आश्रमशाळा, मठांची वसतिगृहे, मिशनऱ्यांची बोर्डिंगे, क्रीडा प्रबोधिनी अशा ठिकाणी मूल रात्रीही संस्थेच्या हाती असते आणि घर दूर असते. संस्था जितकी पूज्य, तितकी तिची पाहणी विरळ, हा आजवरचा अनुभव आहे. भेटीला आलेला अधिकारी कार्यालयात चहा घेऊन, नोंदवही तपासून परत जातो. त्याने स्वयंपाकघरात जावे, न्हाणीघराच्या दारांना आतून कडी आहे की नाही ते पाहावे, रात्री मुलींच्या इमारतीत कोण झोपते ते विचारावे, मुलांना सुटीखेरीज घरी बोलता येते का, आणि ते बोलणे कोणाच्या देखत होते, हे जाणून घ्यावे. या साध्या प्रश्नांना खर्च लागत नाही.

शिक्षक घडविणाऱ्या संस्थांचेही येथे कर्तव्य आहे. पाठ कसा घ्यावा, फळा कसा वापरावा, मूल्यमापन कसे करावे हे छात्राध्यापकाला शिकविले जाते. परंतु एखादे मूल मधल्या सुट्टीत जवळ येऊन दबक्या आवाजात काही सांगू लागले तर काय करावे, हे त्याला पदविका मिळेपर्यंत क्वचितच कोणी सांगितलेले असते. तो प्रसंग त्याच्या सेवेत कदाचित एकदाच येईल. त्या एका प्रसंगी तो ‘बघू नंतर’ म्हणाला, तर मूल पुन्हा बोलणार नाही.

म्हैसूरच्या जुन्या शिक्षकांना मुली शाळेत आणण्यासाठी घरोघर विश्वास मिळवावा लागला होता. आज मुली आपल्या पायांनी शाळेत येतात. २०२२ च्या ऑगस्टमध्ये त्यांपैकी दोघी विश्वासाचे माणूस शोधीत दोनशे किलोमीटरांहून अधिक अंतर तोडून याच शहरात आल्या. असा प्रवास पुन्हा कोणा मुलाला करावा लागू नये, आणि बोलावयाचे झाल्यास ते माणूस त्याला आपल्याच शाळेच्या आवारात भेटावे, एवढी व्यवस्था ज्या शाळेने केली तिने आपले उत्तरदायित्व ओळखले, असे म्हणता येईल.